खडूचे बाण

घण उचलण्याआधी मामा दगडावर डावा तळहात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, “बोलायलाय.” तुम्हाआम्हाला काही ऐकू यायचं नाही. पण त्यांनी हात ठेवला तिथेच दगड दुभंगायचा, हे मी पुष्कळदा पाहिलं.

येलदरीच्या रस्त्यावरच्या खाणीत ते दगड काढायचे; सगळेच त्यांना मामा म्हणत. मी परभणीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो, वर संशोधनाची हौस. मामांना सांगितलं, हा काळा दगड एके काळी तापलेला रस होता. निवताना त्याने तेव्हाची उत्तर दिशा पोटात धरून ठेवली.

“म्हंजी दगडाला याद ऱ्हाती?”

“राहते. फक्त तो जागेवर कसा बसला होता, हे आपल्याला कळलं पाहिजे.”

म्हणून होकायंत्र लावून मी खाणीच्या भिंतीतल्या वीस दगडांवर उत्तरेचे बाण काढले. खडूने! मास्तरच्या खिशात दुसरं काय असणार? दुसऱ्या दिवशी दगड काढायचे होते, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण पेटलं आणि एसटी आठ दिवस बंद. मुंबईच्या प्रयोगशाळेने मोठ्या मिनतवारीने दिलेली तारीख चार दिवसांवर आली.

धापा टाकत खाणीवर पोचलो. वीसही दगड काढून, हौदावर काथ्याने घासून, ओळीने मांडलेले.

“मुंबईला जायलेत. मळके कसे धाडावं?” मामा खुशीत होते.

बाणांचा मागमूसही उरला नव्हता. दोन वर्षांचं काम हौदात गेलं होतं. रागही आला, खोटं कशाला बोलू. पण बाण कशासाठी होते ते सांगितल्यावर मामांचा चेहरा असा काही उतरला, की राग तिथेच विरला.

मग ते म्हणाले, “कोन्ता कुठनं निघाला, मला ठावं हाय.” एक दगड उचलून त्यांनी खाणीच्या भिंतीतल्या खोबणीत बसवला. फटीत नखही जाईना. दिवस मावळेपर्यंत एकोणीस बसले. मी पुन्हा होकायंत्र लावून बाण काढले, या वेळी ऑइलपेंटने. उरलेला एक मात्र कुठेच नीट बसेना.

“इथंच होता असं लिहू का?” मी विचारलं.

“खात्री न्हाई, मास्तर. खोटं लिवू नगा.” तो दगड त्यांनी ठेवून घेतला. मी शरमलो.

एकोणीस दगड काढून मुंबईला नेले; काही महिन्यांनी निकाल आला. ते दगड निवले तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं, होकायंत्राची सुई दक्षिण दाखवत असणार! पेढे घेऊन धावतच गेलो. खाण बंद झाली होती. मामांची टोळी कुठे गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

भिंतीत एकोणीस खोबणी रिकाम्या होत्या. खालच्या कोपऱ्यात, त्या दिवशी मातीआड लपलेल्या विसाव्या खोबणीत तो उरलेला दगड घट्ट बसवलेला होता. त्यावर बाण नव्हता. ते काम माझं होतं. पेढ्यांचा पुडा खाली ठेवून मी होकायंत्र काढलं.