दाराचं माप

प्रदर्शनाच्या हॉलचा दरवाजा मी माणसांच्या मापाने काढला.

प्रदर्शन यंत्रांचं भरणार होतं, हे मला ठाऊक होतं. चिंचवडला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा माल दाखवायला दरवर्षी बांबूचा मांडव घालावा लागे. त्या जागी पक्का हॉल होणार होता. काळ्या दगडाच्या भिंती, वर कारखान्यासारखं करवतीच्या दात्यांचं छप्पर, उत्तरेचा उजेड आत घेणारं. हे सगळं मोठ्या साहेबांचं. दर्शनी दरवाजा तेवढा माझ्यासारख्या ड्राफ्ट्समनच्या वाट्याला आला. मी नक्षीदार चौकट काढली आणि मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक फेटेवाला पाहुणा रेखाटला, मिशांसकट. साहेबांनी मिशांचं कौतुक केलं. माप कुणीच पाहिलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी पॉवर प्रेस घेऊन ट्रक आला. यंत्र दारापेक्षा हातभर उंच निघालं.

भिंत बांधणारा गवंडी महाळुंग्याचा. दारावरच्या आडव्या दगडाकडे, लिंटेलकडे, बघून म्हणाला, "सायब, ह्यो दगड काढायचा तर वरच्या भिंतीला टेकू द्यायला दोन दिस लागत्याल. घाई केली तर समदं खाली यील."

"उद्या पाहुणे येणार. त्यांना काय सांगू?"

"तुमच्या त्या मिशीवाल्याला इचारा की!"

ट्रकवरचे हमाल हसले. ते हसले नसते तर कदाचित मी ऐकलंही असतं. "तुला जमत नसेल तर दुसरा गवंडी आणतो," मी म्हणालो.

तो शिडी चढला. दुपारी लिंटेलचा तुकडा त्याच्या उजव्या हातावर आला. बोटं राहिली नाहीत.

उद्घाटन वेळेवर झालं. फुटक्या दगडांवर झेंडूची तोरणं लावली होती. फीत कापली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

थापी धरणं त्याला पुन्हा जमलं नाही. मी साहेबांच्या मागे लागून त्याला त्याच दारावर रखवालदार नेमवलं आणि पुढे कित्येक वर्षं हे चारचौघांत सांगत राहिलो. हॉलची देखभाल माझ्याकडेच होती. एकदा बाहेरच्या टपरीवर एका नव्या इंजिनियरला त्याच्यादेखतच सांगितलं, "यांना इथे मीच लावलं."

त्याने डाव्या हातातला चहा खाली ठेवला.

"लावलं, व्हय. पर तवापासनं तुमी मागच्या दारानं आत जाता, त्ये बी सांगा की त्यास्नी."