प्रेमलामावशींचा हॉर्न

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत प्रेमलामावशी अगदी शेवटच्या घरात राहतात. जन्मभर त्यांनी शाळेत मुलींना गाणं शिकवलं आणि यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून बडोदं पाहिलं. यजमानांनी हॅन्डलला हात म्हणून लावू दिला नाही. ते गेले, गुडघे कुरकुरू लागले, आणि दोन हजार आठ साली, साठी उलटल्यावर, मावशींनी बॅटरीची स्कूटर आणली. हळू पळणारी, म्हणून लायसन्स नको, नंबरप्लेट नको. मावशी हरखल्या, आणि त्यांच्याहून जास्त मी.

आठवडाही झाला नसेल. सोसायटीचे सेक्रेटरी पिलाजीराव पेपर वाचत आतल्या रस्त्यावर फिरत होते. आपले पणजोबा गायकवाडी घोडदळात होते, हे ते रोज कुणाला तरी ऐकवतात. मागून स्कूटर चिडीचूप आली आणि घोडदळाचा वारस दचकून मेंदीच्या कुंपणात पडला.

"वहिनी, हिला आवाजच नाही ने! उद्यापासून गेटच्या आत आणायची नाही," पाला झटकत ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत गरजले.

"मग चार्ज कुठे करू? प्लग माझ्या घरात आहे. मला ती परतच करावी लागेल हो!"

"आवाज करत आणा, मग माझी ना नाही."

आता गंमत पाहा. आत हॉर्न वाजवायला मनाई, ही पाटी पिलाजीरावांनीच लावलेली! मी भांडायला पदर खोचला होता, पण मावशींनी मला गप्प केलं.

"गाण्याला मनाई आहे का हो?" त्यांनी विचारलं. पाटीवर तसं काही नव्हतं.

तेव्हापासून मावशी गेटमधून शिरल्या की भूप रागातली बंदिश सुरू. "मासी आव्या!" म्हणत पोरं बाजूला होत, बायका गॅलरीत येत. पिलाजीराव बाकावर पेपर धरून बसत. पान मात्र उलटत नसे.

एका संध्याकाळी ते रस्त्यात आडवे उभे राहिले. गेली स्कूटर, असं वाटून मावशींनी करकचून ब्रेक दाबला.

"रोज अंतऱ्यावर येता आणि घरात शिरता! आमचा जीव टांगणीला लागतो. त्या कडुनिंबाला वळसा घाला, पण बंदिश पुरी करा."

मावशींनी वळसा घातला. गळा मोकळा सोडून गायल्या. सम नेमकी पिलाजीरावांपुढे आली, गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या आणि मावशींनी जुन्या सवयीने श्रोत्यांना दोन्ही हात जोडले.

"मावशी, हॅन्डल!" मी किंचाळले.

स्कूटर डुगडुगली, थांबली. तोवर बाजूला उडी मारून पिलाजीराव पुन्हा कुंपणात. या वेळी मात्र मेंदीतून आवाज आला, "वाहवा! वन्स मोअर!"