रंजिताच्या भाकऱ्या

किन्हवलीच्या आसपास कुणाकडे हळद असली की सांगावा रंजिताकडे जायचा. मटण कुणीही शिजवो, तांदळाच्या भाकऱ्या तिच्याच.

तिच्या तोंडाची डावी बाजू जन्मापासून ढिली. बोलणं जड, लाळ ओघळायची. म्हणून चुलीपुढे बसताना ती नाकाखालून ओढणी घट्ट बांधायची, हात धुवायची, मगच उकड मळायला घ्यायची. गावाला त्याचं काही नव्हतं. शेजारची म्हातारी सकुबाई तर रोज सकाळी दारात हजर. "दे गो, बोळक्याला सोसंल अशी दे."

मग मुंबईहून मनोज सर आले. दिव्यांगांना समाजात सामावून घेण्यावर माहितीपट करत होते. माणूस गोड. चपला बाहेर काढून घरात शिरले.

"रंजिताताई, तेवढी ओढणी काढता? चेहरा झाकला तर माणूस दिसत नाही."

"लाळ पडंल."

"पडू दे ना. तेच तर खरं आहे."

"पिठात पडंल ओ," आई म्हणाली.

"एकच शॉट, मावशी. त्या भाकऱ्या नंतर टाकून देऊ."

फिल्म पाहून शहापूरहूनही कामं येतील, असं ते म्हणाले होते. रंजिताने ओढणी काढली. त्या भाकऱ्या कुत्र्याला घातल्या, तेव्हा कॅमेरा पेटीत गेला होता.

शहापूरच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. गावातली माणसं जीप करून गेली. पडद्यावर रंजिताचं तोंड दाराएवढं झालं. लाळेची तार हळूहळू लांबली, परातीत उतरली. मागे व्हायोलिन. फिल्ममधला एका बाईचा आवाज गहिवरून सांगत होता, समाज हिला नाकारतो. लगेच पुढे पोरं भाकऱ्या खाताना. ते चित्रण वेगळ्या दिवसाचं होतं, वेगळ्या भाकऱ्यांचं.

पुढच्या रांगांतल्या लोकांनी डोळे पुसले. शेजारी बसलेल्या गावातल्या मीनाने पदराने तोंड पुसलं. रंजिता पडद्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची शिसारी आली.

आठवड्याभरात ती परात गावातल्या प्रत्येक फोनवर होती.

मीनाच्या पोराची, हरेशची हळद आली. सांगावा आधीच आलेला, कुणी मोडला नव्हता. रंजिताने भल्या पहाटे उकड काढली, ओढणी बांधली, टोपली भरून नेली. मांडवात दुसऱ्या भाकऱ्या आलेल्या होत्या.

"उगाच दमलीस गो," मीना म्हणाली आणि टोपली गोठ्याच्या भिंतीकडे सरकवली.

पंगतीत सकुबाई होती. रंजिता टोपलीतली भाकरी घेऊन तिच्याकडे गेली.

"घे आजी."

"नको बाय. प्वाट जड झालंय."

"सकाळी तर मागायचीस."

सकुबाई ताटातला रस्सा बोटाने फिरवत राहिली. "आदी नुसता तवाच दिसायचा गो. आता घास घेतला का तंच दिसतंय."

पलीकडून एक पोरगा म्हणाला, "आजी, हिच्या भाकरीवर वेगळा रस्सा घ्यावा लागत नाय." दोघेतिघे हसले. मीनाने त्यांना दटावलं. तिच्या तोंडावरही हसू होतं.

चार दिवसांनी मनोज सरांचा फोन आला. फिल्मला बक्षीस मिळालं होतं. मुरबाडला कार्यक्रम ठेवला होता. "स्टेजवर चूल मांडू, ताई. तुम्ही लोकांसमोर भाकरी थापायची. सत्कारही करू."

"त्या भाकऱ्या खाणार कोन?"

"खायचं असं नाही... ते प्रतीकात्मक."

"तुमी खाल?"

"ताई, विषय तो नाहीये."

"मंग फिल्ममधी टाका, लाळ पडलेल्या भाकऱ्या कुत्र्याला घातल्या. लोकांना सांगा."

"फिल्म लॉक झालीय ओ. आता काही बदलता येत नाही. आणि तुम्ही असं बघा, किती लोकांपर्यंत पोचलात तुम्ही."

रंजिताने फोन ठेवला. आईने विचारलं, काय म्हणतात? तिने परात पुढे ओढली.

आता तिच्या चुलीवर मायलेकी दोघींपुरतीच उकड निघते.