आवाज बाईचा, फाटक अंजनाचं

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीच्या अंगाला रेल्वेचं एक फाटक होतं, आणि त्या फाटकावर गेटमन म्हणून अंजना शेजवळ होती. गेटमनच. दप्तरात बाईसाठी वेगळा हुद्दा नव्हता, आणि एका बाईपायी नवा शब्द काढायला सरकारला सवड नव्हती. नवरा कैलास रुळांवरच्या गँगमध्ये होता. काविळीने गेला. त्याच्या जागी अनुकंपा म्हणून हिला घेतलं. शेजारणी म्हणाल्या, हे काय बाईमाणसाचं काम आहे का? ती म्हणाली, बाईमाणसाला पोट नसतं का मग? विषय तिथे संपला. अंजनाशी बोलताना बहुतेक विषय तिथेच संपायचे.

फाटक बंद असताना खालून मोटारसायकल घुसवणाऱ्याला ती शिव्या देत नसे. नाव विचारायची, गाव विचारायची, घरी कोण कोण असतं ते विचारायची. निरोप कुणाला धाडायचा ते आधी माहीत असलेलं बरं, असं सांगायची. माणूस गाडी मागे घ्यायचा.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला तिच्या हाती वॉकीटॉकीचा सेट आला. फ्रिक्वेन्सी म्हणजे काय ते साहेबांनी समजावून सांगितलं: हवेतली एक ठरलेली वाट. मालगाडीचा ड्रायव्हर, शेवटच्या डब्यातला गार्ड, स्टेशन, फाटक, सगळ्यांनी त्याच वाटेने बोलायचं. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी गप ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणालाच काही कळत नाही. अंजनाला हे शिकवावं लागलं नाही. सासूच्या, जनाबाईच्या घरात हाच नियम होता, फक्त बटण कायम जनाबाईकडे असायचं.

मग त्या वाटेवर पापड आले.

झालं असं, की एका दुपारी मालगाडीच्या मधल्या डब्यातून ब्रेकची हवा गळायला लागली. गार्डने ड्रायव्हरला सेटवर हाक मारली. ड्रायव्हरला ऐकू आला तो एका बाईचा आवाज. ती बाई पापडाच्या पिठात मिरी किती घालायची याबद्दल बोलत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. गाडी चिखलोलीपाशी अडून राहिली, मागे लोकल तुंबल्या, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने लिहून दिलं, की फाटकाच्या परिसरात महिलेचा आवाज सतत येत होता.

वरच्या ऑफिसने शोध घेतला. शोध असा, की कल्याणपासून कर्जतपर्यंत सेट असलेल्या बायका किती? एक. मग आवाज कुणाचा? झालं, शोध संपला. अंजनाला कागद आला: सरकारी फ्रिक्वेन्सीवर खासगी गप्पा मारल्या. शिक्षा म्हणून घाटातल्या फाटकावर बदली होणार होती. तिथे वस्ती नाही, शाळा नाही, पाणी गाडीने येतं. तिची मुलगी वैष्णवी अंबरनाथला नववीत होती, आणि जनाबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं.

युनियनचे रामभाऊ समजवायला आले. म्हणाले, माफी लिहून दे, मी बोलून ठेवलंय, ताकीद देऊन सोडतील. अंजना म्हणाली, मी बोललेच नाही तर माफी कसली लिहू? रामभाऊ म्हणाले, अगं, माफीला कारण लागत नाही, सही लागते. तिने त्यांना चहा पाजला आणि फाटकाबाहेर काढलं.

चौकशीला हिंदुराव घोरपडे साहेब आले. साताऱ्याकडचे, निवृत्तीला टेकलेले, खोट्या दातांचे. फाटकाजवळच्या तिच्या गुमटीत स्टुलावर बसले, कागद मांडीवर घेतला आणि तिला विचारलं, की तो आवाज कोणत्या भाषेत होता. तिनेही तो ऐकला होता. सिंधी, तिने सांगितलं. तुम्हाला कसं कळलं? तर लहानपणी आईबरोबर उल्हासनगरच्या कॅम्पात पापड लाटायला जायची, तेव्हा कानावर पडलेली. साहेबांनी लिहिलं: गेटमनला सिंधी येते. पुढे लिहिलं: पापडांचा अनुभव आहे.

"साहेब, ही कबुली लिहिताय का जबानी?"

"जे आहे ते लिहितोय, बाई."

आता जे होतं ते असं. उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू अजून कारखान्यात बनायची आहे. तिथल्या बाजारात तेव्हा लांब पल्ल्याचे कॉर्डलेस फोन आले होते. गच्चीवर उंच काठी लावायची, आणि चार गल्ल्या पलीकडून घरच्या लाइनीवर बोलायचं. तो फोन हवेत कुणाच्या वाटेवर बसतोय हे ना विकणारा विचारायचा, ना घेणारा. तिथे जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला निदान गाडी तरी येते. हवेतल्या अतिक्रमणाला कोण येणार? ज्याला यायचं होतं तो अंजनाच्या गुमटीत तिची सिंधी तपासत होता.

तेवढ्यात टेबलावरचा सेट बोलायला लागला. तीच बाई. आज विषय लोणच्याचा होता.

घोरपडे साहेबांनी सेटकडे पाहिलं. मग अंजनाच्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं. साहेबांनी खात्री करायला आणखी थोडा वेळ पाहिलं.

"मग ही कोण?"

"विचारा की. बटण आहे."

साहेबांनी बटण दाबलं आणि सरकारी आवाजात विचारलं, की बाई, आपण कोणत्या गेटवर आहात? बटण सोडलं. लोणचं थांबलं होतं. मग बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "केरु माण्हू?"

"काय म्हणते?"

"म्हणते, कोण माणूस?"

साहेबांना वाटलं ती आपल्यालाच विचारतेय. त्यांनी पुन्हा बटण दाबून ठणकावलं, की मी बोलतोय, मी इथेच बसलोय, खरं सांगा. पलीकडे एकदम बोलण्याचा पूर आला. अंजना सांगत गेली, की ती फोनवर नवऱ्याशी बोलतेय. नवरा दुकानात आहे. गच्चीवरच्या काठीने सेटवरचं बोलणं पकडलं, आणि साहेबांचा आवाज थेट नवऱ्याच्या कानात गेलाय. तो विचारतोय, घरात पुरुष कोण आहे.

साहेबांनी सेट अलगद टेबलावर ठेवला, जणू तो त्यांचा नव्हताच.

बाई आता रडत होती. देवाची शपथ घेत होती, मुलांची घेत होती. मी काही केलं नाही, मी तर बोललेच नाही त्याच्याशी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. अंजनाने हे साहेबांना सांगितलं नाही. तिने सेट उचलला.

"हात लावू नका," साहेब म्हणाले. "तुमची चौकशी चालू आहे."

तिने बटण दाबलं. "सेठ, मैं चिखलोली फाटक से अंजना बोलती. भाभी को कुछ मत बोलो. वो आवाज रेलवे के साहेब की है, मेरे सामने स्टूल पे बैठे हैं. बुड्ढे हैं, दाँत भी नकली हैं. आपका फोन हमारी लाइन में घुसता है. वो काठी उतारो, और शाम को भाभी से माफी मांगो. समझे क्या?"

बटण सोडलं. मग बाईने नाक ओढलं आणि हिंदीत नवऱ्याला सुनावलं, "सुना? सुना ना?" त्यापुढचं सिंधीत होतं, आणि त्याचा अर्थ साहेबांनी विचारला नाही.

जुना आरोप साहेबांनी तिथल्या तिथे खोडला. आवाज बाहेरचा, असं लिहून खाली सही केली. पण चौकशीचा कागद कोरा परत नेता येत नाही, आणि दातांचा उल्लेख तर सगळ्या मार्गावर गेला होता. त्यांनी नवीन ओळ लिहिली: गेटमनने चौकशीदरम्यान सरकारी फ्रिक्वेन्सीवर खासगी संभाषण केले. शिक्षा, ताकीद. कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. ती यावरही सही करणार नाही, अशी त्यांच्या मनाची तयारी होती.

अंजनाने ओळ वाचली. "हे खरंय," ती म्हणाली. "पण अर्धं आहे."

"म्हणजे?"

"सुरू तुम्ही केलं. मी नुसतं संपवलं. तेवढं घाला."

साहेब म्हणाले, असं लिहिता येत नाही. ती म्हणाली, मग सही पण येत नाही. पेन तिने कानावर खोवलं आणि फाटक पाडायला बाहेर गेली, कारण बदलापूरकडून मालगाडी येत होती. गाडी गेली. सेटवर गार्डचा आवाज स्वच्छ आला, ऑल राईट. तिने उत्तर दिलं आणि आत आली तेव्हा साहेब आपल्या खिशातल्या पेनाने ती ओळ वाढवत होते.

तिने नावासकट, आडनावासकट सही केली. हुद्द्याच्या जागी गेटमन लिहिलं.