टपालवाट

माझी आत्या एकोणतीस वर्षं टपाल वाटत होती. आमची वस्ती म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर एक्केचाळीस घरं, तीही झाडीत दडलेली. सायकलचं चाक वाळूत रुतायचं, म्हणून खांद्याला खाकी पिशवी अडकवून आत्या रोज दहा-बारा किलोमीटर पायी जायची. भरती-ओहोटीच्या वेळा तिला तोंडपाठ.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी सरकारी मोजणी झाली. नवा नकाशा कचेरीत लागला, तेव्हा आमच्या वस्तीच्या जागी लिहिलं होतं, ‘पाणथळ. वस्ती नाही.’ नळाचं पाणी याच नकाशावरून मिळणार होतं. आत्या तडक मोजणी अधिकाऱ्यापुढे उभी राहिली.

“साहेब, मग इतकी वर्षं मी पत्रं काय खेकड्यांना वाटली?”

तो वरमला. “बाई, विमानातून काढलेल्या फोटोत तिथे नुसती झाडी आणि चिखल दिसतो.”

“मग जरा खाली उतरा की! उद्या अकराला ओहोटी आहे. बूट मात्र घालून येऊ नका.”

तो बूट घालूनच आला. मी शाळेत शिकवायचो. सुट्टी काढून बरोबर गेलो होतो. खाडीच्या काठाने शंभर पावलं गेलो असू, तोच साहेबांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. आत्याने दंडाला धरून ओढलं. पाय आला, बूट राहिला.

“असू दे,” ती म्हणाली, “चिखलानं पोच दिली.”

मग दुसरा बूट हातात घेऊन साहेब मुकाट्याने तिच्या पावलावर पाऊल टाकत चालू लागले. आत्या दारादारांत थांबून कुणाच्या किती पिढ्या इथे गेल्या ते सांगत होती. शेवटी तिने आम्हाला पट्टीच्या दक्षिण टोकाला नेलं. पाणी ओसरलं होतं. शेवाळलेल्या अकरा दगडी पायऱ्या आणि मनगटाएवढी जाड लोखंडी कडी उघडी पडली होती.

“खाडीचं मुख पूर्वी इथे होतं,” आत्या म्हणाली. “मिठाची गलबतं या कडीला बांधायचे. माझे आजोबा दोर धरायला असत. मग मोठ्या वादळात मुख वाळूनं बुजलं, खाडीनं उत्तरेला वाट फोडली आणि बंदर बसलं. माणसं मात्र हलली नाहीत.”

साहेब पायरीवर बसले आणि कडीवरून हात फिरवत राहिले. “हे आमच्या एकाही कागदावर नाही,” ते हळूच म्हणाले.

“आता येईल,” आत्या म्हणाली.

ते आणखी तीन दिवस अनवाणी येत राहिले. घर न् घर मोजलं. चार महिन्यांनी सुधारलेला नकाशा आला. त्यात एक्केचाळीस घरं होती, वस्तीची विहीर होती, जुना धक्का होता आणि सगळ्या घरांना जोडणारी एक तुटक रेघ होती. तिच्याशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘टपालवाट’.

कचेरीत गर्दी जमली. माझी तर छाती फुगून आली होती. आत्याने चष्मा लावला, त्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “विहीर जरा डावीकडे पडलीय. बोलवा साहेबांना.”