सोपटाच्या गाठी

खिशात खडू घेऊनच झोपायचे. भरीत चांगलं झालं तरी 'आज चुकलं' म्हणायचे. एसटीत कंडक्टरच्या मागचीच जागा धरायचे. नोकरीला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं, की आधी हसायचे. आणि वाटेत केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सुकलेली साल, दिसलं, की उचलून पिशवीत टाकायचे.

जितूभाऊ परवा गेले. सकाळच्या तासाला निघाले होते. धुळ्याच्या बसस्थानकावर छातीत कळ आली. एवढंच.

मेहरूणला आम्ही एका खोलीत राहायचो. ते मूळचे पहूरचे, घरी केळी. एसटीनं जाऊन-येऊन धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. उन्हाळा आला की घरी. पावसाळ्यात पुन्हा नवी ऑर्डर. मी त्यांच्याच वर्गात शिकलो, मग मित्र झालो.

आपली मुलं इंग्रजीत 'किती दिवसांपासून'पाशी हमखास अडतात. मराठीत 'मी लहानपणापासून इथे राहतो' म्हटलं की झालं. इंग्रजीचं तेवढ्यावर भागत नाही. त्यासाठी भाऊ सोपटाची लांब दोरी आणायचे. एक टोक स्वतःच्या मुठीत. दुसरं टोक धरून एकजण बाकांमधून चालत राहायचा.

"माझी मूठ म्हणजे सिन्स. इथून सुरुवात. मधली लांबी म्हणजे फॉर. हा पठ्ठ्या अजून चालतोय, म्हणून हॅव बीन. थांबला आणि गाठ मारली, की हॅव बीन संपलं."

एकदा मेघा नावाची मुलगी म्हणाली, "सर, तुमची नोकरी दाखवा ना दोरीवर!"

वर्ग हसला. भाऊही हसले. त्यांनी हातभर तुकडा घेतला आणि दर उन्हाळ्याची एक अशा गाठी मारत गेले. शेवटी वीतभर उरला.

"बघा. नोकरी वाढते, दोरी आखडते."

तो तुकडा त्यांनी टाकला नाही. खोलीत खिळ्याला टांगला.

यंदा त्याच कॉलेजात कायम जागा निघाली. भाऊंना ती हवी होती. दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही. मुलाखतीहून आले ते बूट न काढता बसले.

"काय विचारलं?"

"कधीपासून शिकवता."

"मग?"

"सांगितलं. आय हॅव बीन टीचिंग हिअर सिन्स ट्वेंटी थर्टीन. एकजण म्हणाले, सलग कुठंय ते? तुकडे आहेत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्यांचं व्याकरण बरोबर होतं रे."

जागा दुसऱ्याला मिळाली. भाऊ तासांना जात राहिले. एका संध्याकाळी खिळ्यावरचा तुकडा काढून उंबऱ्यात बसले.

"गाठी सोडवतो."

"ओढा की जोरात."

"सुकलेलं सोपट ओढलं की तुटतं. भिजवावं लागतं."

त्यानंतर रोज थोडा वेळ ते नखांनी गाठ उकलत बसायचे.

आज त्यांची आई, बेबाबाई, सामान न्यायला आल्या. कपडे बांधले. पुस्तकं तूच ठेव, म्हणाल्या. मग कोपऱ्यातला तांब्या उचलून आत पाहिलं.

"हे काय भिजू घातलं रे त्यानं?"

मी तांब्या हातात घेतला. पाणी तांबूस झालं होतं. एका टोकाच्या गाठी सुटल्या होत्या. बाकीच्या तशाच होत्या.