हिराताई मशीन बंद करते

रविवारची दुपार. जेवून मी चटईवर आडवी होते. पंखा घरघरतोय. सोमवारी कारखान्यात जाऊन नोकरी सोडते म्हणून सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत असतं. घरघर वाढत जाते आणि ती पंख्याची राहत नाही, आमच्या पॅकिंगच्या मशीनची होते.

मी चिवड्याच्या पाकिटांपुढे उभी आहे. उभीच, कारण कुलथे साहेबांनी आमची स्टुलं काढून घेतलीत. बोलायलाही बंदी. सगळ्या बायका खाली मान घालून उभ्या.

"काय गं शैले, मुक्या झालात का सगळ्या?"

शेजारी हिराताई. गेल्या वर्षी काविळीनं गेलेली, तीच. मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर मांडी घालून बसलीय, पाकिटं तिला वळसा घालून जातायत.

मी तिच्याकडे वळते. "हिराताई, तुझ्या मयतीला यायचं होतं गं. साहेबांनी सोडलं नाही."

"माहितीय मला. म्हणून तर मीच आले." ती हसते, तिचं ते खिदळणं, आणि हात लांबवून मशीन बंद करते.

पायाखाली वाळू लागते. हिराताईच्या गावची नदी आहे ही. पट्टा पाण्याच्या कडेनं गेलाय आणि त्याच्यावर सगळ्यांचे डबे उघडे. सुलभाची वांगी, रुक्साना भाभीचा खिमा. आम्ही एकमेकींच्या डब्यात हात घालतो, सगळ्या एकदम बोलतो.

साहेब येतात. बूट हातात, पँट दुमडलेली. "आवाज नको," ते म्हणतात, पण हळूच.

"साहेब, सकाळपासून तुम्ही तरी कुणाशी बोललात का?" हिराताई विचारते.

ते विचार करतात. "नाही."

"मग बसा. चटणी घ्या."

ते वाळूत बसतात आणि तिखट लागून ठसकतात. आम्ही पोट धरून हसतो. तेही हसतात.

"मी सोडतेय नोकरी," मी ताईच्या कानात सांगते.

"सोड की. पण अशी गुपचूप नको जाऊ. आधी सगळ्या मिळून स्टुलं मागा. मग बघ, जावंसं वाटतं का." ती माझी मनगटं धरते. "चल, फुगडी!"

नदी फिरते, साहेब फिरतात, आभाळ फिरतं. ताईचा पदर वाऱ्यावर. मी इतकी हसते, की हसण्यानंच जागी होते.

खिडकीत ऊन उतरलंय. मी सुलभाला फोन लावते. "उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. भाभीला पण सांग."

"तू तर सोडणार होतीस ना?" ती विचारते. "आणि हसतेस काय एवढी?"

माझं लक्ष दुसऱ्या, मोकळ्या हाताकडे जातं. मनगटावर चार बोटांचे लालबुंद वळ आहेत, अजून गरम.